धारोष्ण

फोन खिशात घालून राघव चिखलातच उभा राहिला, तेव्हाच त्याच्याबरोबर गोठा सांभाळणाऱ्या मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. गेल्या आठवड्यात कत्तलखान्यात पाठवलेल्या म्हाताऱ्या गाईच्या नरड्याजवळ गाठ सापडली होती. क्षयाची की कसली, ते प्रयोगशाळा सांगणार. तोवर न्यूझीलंडमधल्या आमच्या वायकाटोच्या फार्मवरनं एकही जनावर हलवायचं नाही.

"कुठली गाय रं?" गोपीनाथकाकांनी विचारलं. हे राघवचे वडील, साताऱ्याकडचे. काकूंना घेऊन पोराकडे राहायला आलेले.

"पांढऱ्या कपाळाची, बाबा."

काकांनी फाटकाचा गज घट्ट धरला. "तिचं दूध मी पीत हुतो. रोज."

"कच्चं?"

"मग? धारोष्ण! आन्... इरालाबी न्यायचो. तांब्यातनं."

इरा म्हणजे राघवची सहा वर्षांची लेक. त्याचा चेहरा बघून मीच दोन पावलं मागं सरलो.

"हजार वेळा सांगितलं होतं, बाबा! टँकरचं दूध फॅक्टरीत तापतं. तुमच्या तांब्यातलं कोण तापवणार?"

"पोरगी किरकिरी हुती रं. म्हटलं, अंग धरंल."

मला म्हाताऱ्याचा राग आला, खोटं कशाला बोलू? रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो हा. धुक्यातनं तिघंही घराकडे निघालो. राघव तर गमबूट न काढताच आत शिरला.

"आई, इराला तयार कर. डॉक्टरकडे न्यायचंय."

वनिताकाकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

"तिला काय बी हुत न्हाई. ह्यांनी तांब्या आणला, की साखर घालते म्हणून मी आत न्यायची. उकळायची, कोमट करून पोरीला द्यायची."

"कधीपास्नं?" काकांनी विचारलं.

"लगीन झाल्यापास्नं. राघवबी असल्याच उकळल्याल्या दुधावर वाढला. तुमी आपलं धारोष्ण म्हणून मिशीला ताव देत हुता."

राघव आता कुठे गमबूट काढू लागला. "डॅडी, व्हॉट्स राँग?" इरानं सोफ्यावरनं विचारलं.

काका डोळे पुसत हसले. पोर वाचली, त्यांना दुसरं काय हवं होतं? "म्हंजी माझंबी उकळल्यालंच की गं!"

काकूंनी भाकरी उलटली.

"तुमचं कुठलं? तुमी शेडातच तांब्या तोंडाला लावून येत हुता." त्यांनी गॅस बंद केला. "उठा, कोट घाला. डॉक्टरकडं तुमाला जायचंय."