शेवटची पथारी

पौषातलं कोवळं ऊन गावाबाहेरच्या माळावर उतरे, तेव्हा त्याला टेकायला भुई सापडत नसे. क्षितिजापर्यंत मिरची! आरक्त, रसरशीत, सूर्यतप्त मिरची. वाळत घातलेल्या या तांबड्या विस्ताराला पथारी म्हणत. असल्या पथाऱ्यांवर सारं गाव जगे.

इतर गावांत शिंक म्हणजे अपशकुन. या गावाला तो परवडणारच नव्हता. मंगलाष्टकं म्हणता म्हणता भटजी शिंकत, वऱ्हाडी शिंकत, नवरी शिंके, आणि अक्षता तरीही वेळेवर पडत.

देठ खुडणाऱ्या बायांचे हात हंगामभर धगधगत. पोटच्या लेकराला शिवायची चोरी! म्हणून पलीकडच्या पिंजारी आळीतल्या कुलसुमबी त्यांची पोरं न्हाऊ घालत, भरवत, निजवत. त्या बायांतल्याच सुपडाबाईचा लेक रमण कुलसुमबींच्याच मांडीवर वाढला. कोण कुणाचं, हे कुणी विचारलं नाही.

मग वाळवणारी यंत्रं आली. पथाऱ्यांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर बंगले झाले, आणि बंगल्यांना नावं पडली: 'शीतल', 'सुगंध', 'शांतिकुंज'. मिरचीच्या उरावर शांतिकुंज! हसावं की कपाळ बडवून घ्यावं? एकच पथारी उरली. सुपडाबाई आणि तिच्यासोबतच्या मूठभर म्हाताऱ्या देठ खुडत होत्या, तोवरच तिचा मालक शेठ ती ठेवणार होता.

तीही कॉलनीला खुपू लागली. सांगावा घेऊन आला तो 'शीतल'मध्ये राहणारा रमणच.

"माय, आते पुरे. पोरले ठसका लागस. तू नई गई, त बायाबी नई जातीन."

"तुले नई लागना का रे ठसका? मरी गया का तू?"

रमण आल्या पावली परतला. ज्या मिरचीनं पोसलं, तिचाच वास याला सोसवेना! सुपडाबाईला संताप आला, आणि संतापाहून मोठा वीट आला.

सकाळी ती दारोदार फिरली. एकीचे गुडघे दुखत होते, एकीच्या घरी पाहुणे होते, एकीनं तर दारच उघडलं नाही. सगळ्यांचे लेक कॉलनीत होते. बहाण्यांना काय तोटा? सुपडाबाई चडफडत, पुटपुटत, एकटीच पथारीवर येऊन बसली.

समोर रक्तवर्ण, निःशब्द, अफाट मिरची. सुपडाबाईनं पहिला देठ खुडला. वारा उठला, तिखट धूळ उठली, आणि कॉलनीच्या दिशेनं निघाली.

खिडक्या मिटू लागल्या. शांतिकुंजची मिटली, सुगंधची मिटली, रांगेतल्या साऱ्या मिटल्या. एक तेवढी उघडी राहिली, तिच्या लेकाची. सुपडाबाईचा हात थबकला. ती बघत राहिली, वारा वाहत राहिला.

मग आतून एक हात आला, आणि तीही मिटली.

सुपडाबाईनं दुसरी मिरची उचलली.