शेवटचा हात दुसऱ्याचा

चिमटीतल्या रोपाला चार पानं होती. म्हणजे असावीत, कारण नीट समोर धरलं की मधलीच नाहीशी व्हायची आणि कडेची तेवढी थरथरत राहायची. चष्मा वर सारायला म्हणून तिने उजव्या हातातला रबरी मोजा काढला होता, मांडीवर पडलेलं हे एवढंसं रोप सहज उचललं होतं, ते बोटांत चुरडलं गेलं — आणि वास आला. उग्र, हिरवा, नाकात चढणारा. झेंडू. गाजरगवताला असा वास येत नाही. तिने पुन्हा हुंगलं. मग शेजारच्या घमेल्यात हात घालून तळातली मूठभर रोपं काढली, चुरडली, हुंगली. झेंडू. आणखी एक मूठ... झेंडूच. म्हणजे सकाळी सातपासून, डोळ्यांत तेल घालून, गाजरगवत समजून मी झेंडू उपटते आहे.

पण हात मात्र फार शहाणे. त्यांनी लगेच वाफ्याकडेचं खरंखुरं गवत ओढून घमेल्यावर पसरलं आणि मोजा परत चढवला. तिने आजूबाजूला पाहिलं. इस्पितळाच्या चौकात सात वाफे, सात वाफ्यांवर वाकलेल्या तिची धरून सात पाठी, एका अंगाला एक्स-रेच्या खोलीचं दार, दुसऱ्या अंगाला वॉर्डाच्या खिडक्या, मधल्या बाकांवर पेशंटची वाट बघत बसलेले नातेवाईक. कोणाचं लक्ष नव्हतं. निदान असं वाटलं तरी.

आता बोंबला, प्रूफबाई.

हे नाव बागमंडळातल्या लोकांनीच ठेवलेलं, आणि तिने ते मनातल्या मनात मिरवलेलं. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली तिने. हाती आलेल्या कागदावर चूक असेल तर ती कागद टेबलावर ठेवायच्या आधीच दिसायची — वाचायला लागायचंच नाही, कागदच ओरडायचा. त्या डोळ्यांचा केवढा तोरा! आणि गेल्या महिन्यात, ह्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी चौकटीचौकटींचा एक कागद पुढे धरला, म्हणाले, मधल्या ठिपक्याकडे बघा आणि सांगा रेघा सरळ आहेत का. कसल्या सरळ! मध्यावर सगळ्या रेघा बुडाल्या होत्या, जशी जुनी खाट मधोमध बुडते तशा. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू... आणि वाक्य अर्धंच सोडून म्हणाले, गुरुवारी या, बरोबर कोणाला तरी आणा. मुलीने फोनवर विचारलं तेव्हा हिने सांगितलं, नंबर वाढलाय थोडा. तो गुरुवार तर तिने जाऊच दिला. पुढचा आता ह्या आठवड्यात होता.

मुलीला सांगायची तशी भीती नव्हती. भीती होती त्या खुर्चीची. मंडळाकडे एक घडीची निळी खुर्ची आहे. मंडळातले सगळ्यात म्हातारे आजोबा, ज्यांनी रस्त्याच्या नाक्यावरच्या त्रिकोणात पहिलं झाड लावलं, त्यांचे गुडघे गेले तेव्हा सगळ्यांनी प्रेमाने ती आणली. फार प्रेमाने. टोपी घालून आजोबा सावलीत बसायचे, सगळे येता-जाता विचारायचे, कसं काय आजोबा, चहा घेणार का आजोबा. आणि आजोबा मान डोलवायचे, दोन्ही हात मांडीवर, स्वच्छ धुतलेले. वर्षभर बसले. मग यायचेच बंद झाले. ते हात तिला अजून आठवतात. नखांत मातीचा कण नव्हता. ह्यांना कळलं की हीच खुर्ची माझ्यासाठी उघडणार, ह्यातला एकसुद्धा वाईट माणूस नाही म्हणून तर उघडणार, आणि माझं खुरपं काढून घेणार.

वाफ्यात जिथे जिथे हात फिरला होता तो भाग उघडा पडला होता. इतकं तिला कडेच्या नजरेनेही कळत होतं.

ह्या चौकात चौदा दिवस बसली होती ती, अकरा वर्षांपूर्वी, नवरा आत होता तेव्हा. तेव्हा इथे मोडक्या खाटांचा ढीग होता. गंजलेले पाय वर करून एकमेकींवर पडलेल्या. चौदा दिवस तिने त्या खाटा बघितल्या, कारण बघायला दुसरं काही नव्हतंच. आणि तो गेल्यावर घरी जाऊन पहिलं काम काय केलं असेल, तर इस्पितळाच्या अधीक्षकांना पत्र लिहिलं की त्या खाटा हलवा. शुद्धलेखन मात्र दोनदा तपासून! त्यांनी उत्तर दिलं नाही. पत्र कसं हाती लागलं कोण जाणे, पण गावात आपणहून झाडं लावत फिरणाऱ्या बागमंडळाने दिलं. एका रविवारी सात माणसं, त्यातला एक दाताचा डॉक्टर आणि एक पेन्शनीतला बसड्रायव्हर, खाटा उचलायला येऊन उभी राहिली. कोण कुठली माणसं! हिची ना ओळख ना पाळख. खाटांखालची माती दगड झाली होती, ड्रायव्हरभाऊंनी पहार घातली तेव्हा ठिणगी उडाली, आणि ते म्हणाले, ‘‘गाडी जरा कडक आहे, पण सुटेल.’’ सुटली. तीन रविवार लागले. टेलरबाईंनी जुन्या जीन्स कापून गुडघ्याखाली घ्यायला गाद्या शिवल्या, सगळ्यांच्या मापाच्या, दाताच्या डॉक्टरच्या गादीवर दाढ भरतकाम करून. ह्या लोकांनी त्रिकोण हिरवा केला, लायब्ररीच्या पायऱ्यांना कुंड्यांची कड लावली, पाण्याच्या टाकीची भिंत वेलींनी झाकली, आणि एकाही ठिकाणी पाटी लावली नाही. काय माणसं आहेत... आणि त्यांच्या झेंडूची मी ही गत केली.

एक नियम तेवढा हिचा. छापखान्यातून आणलेला. आपलं मुद्रित आपण शेवटचं वाचायचं नाही, कारण आपल्याला ते जसं असायला हवं तसं दिसतं, जसं आहे तसं दिसत नाही. म्हणून काम संपलं की सगळ्यांनी एकेक वाफा उजवीकडे सरकायचं आणि दुसऱ्याच्या वाफ्यावर शेवटचा हात फिरवायचा. चूक दिसली तर नीट करायची. कोणाची, हे बोलायचं नाही. सुरुवातीला सगळे हसले. मग अंगवळणी पडलं.

घमेल्यावर खुरप्याचे दोन ठोके पडले. ‘‘डबल बेल!’’ ड्रायव्हरभाऊंचा आवाज. ‘‘चला, पुढे सरका, दारात गर्दी करू नका.’’

आणि आता तिला कळलं की आपलाच नियम आपल्याला खाणार आहे. कारण तिच्या डावीकडे भाऊ होते, ते सरकून तिच्याच वाफ्यावर येणार. ती उठली. घमेलं बरोबर घेतलं, छातीशी धरून. टेलरबाईंच्या वाफ्याशी बसली. तिथे काय करायचं होतं कोण जाणे. तिने मातीवरून नुसता हात फिरवला, जसा झोपलेल्या माणसाच्या पांघरुणावरून फिरवतात. मग नळाकडे बघत बसली. नळाकडे बघितलं की भाऊ दिसायचे. ही तिला अलीकडेच सापडलेली युक्ती: ज्याला बघायचं त्याच्या बाजूला बघायचं.

भाऊ वाफ्याशी आले. उभे राहिले. आता हाक मारतील, आता ‘ताई, हे काय?’ म्हणतील... त्यांनी हाक मारली नाही. पाण्याच्या पिंपामागे गेले, आणि तिथून प्लॅस्टिकचा एक ट्रे काढला. ट्रेमध्ये खाचाखाचांतून रोपं होती. एकाच उंचीची, चार चार पानांची. भाऊ गुडघ्यावर बसले आणि उघड्या पडलेल्या मातीत बोट घालून एकेक रोप बसवायला लागले, सावकाश, शिट्टी वाजवत.

ट्रे. तयार. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी, इथे बी टाकलं त्याच दिवशी, ह्या माणसाने घरी जाऊन दुसरं बी टाकलं होतं. त्याला माहीत होतं. आधीपासून माहीत होतं!

मग एकामागून एक सगळंच उसवत गेलं. भाऊ नेहमी माझ्या डावीकडचाच वाफा का घेतात? — तिला वाटायचं, सावलीसाठी. लायब्ररीच्या पायऱ्यांवरच्या त्या कुंड्या, ज्यांत तिने दोनदोनदा पाणी भरलं असं तिला आठवत होतं आणि तरी एकही रोप कुजलं नाही. त्रिकोणातली सरळसोट रांग, जिच्यासमोर उभं राहून लोक म्हणाले होते, प्रूफबाई, काय हात आहे हो तुमचा! आणि ती म्हणाली होती, हात नाही, नजर. नजर म्हणे! अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी काय दुधपितं मूल आहे? मागून येऊन माझं पान पुसणारे हे कोण? त्यापेक्षा खुर्ची बरी होती, ती निदान समोर तरी ठेवतात.

ती उठली आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली, घमेल्यासकट.

‘‘कधीपासून?’’

भाऊंनी शिट्टी थांबवली. ‘‘काय कधीपासून?’’

‘‘उगाच वेड पांघरू नका. तो ट्रे.’’

त्यांनी ट्रेकडे बघितलं, मग तिच्याकडे. ‘‘लायब्ररीच्या पायऱ्यांपासून.’’

आठ महिने.

‘‘सगळ्यांना माहितीये?’’

‘‘कोणी बोललं नाही, ताई. बोलायचं नाही असा नियम आहे. तुमचाच आहे.’’

‘‘नियम चुकांसाठी होता. माझ्यावर दया करायला नव्हता!’’

जरा मोठ्यानेच बोलली ती. बाकावरच्या एका बाईने वळून बघितलं. भाऊंनी हातातलं रोप खाली ठेवलं, तळवे पँटला पुसले.

‘‘निशिगंधाचे कंद,’’ ते म्हणाले. ‘‘पहिल्या वर्षी. टाकीच्या भिंतीशी. चाळीस.’’

तिने घमेलं आणखी घट्ट धरलं.

‘‘बायको गेल्याचा बारावा दिवस होता. घरात बसवेना म्हणून आलो होतो. चाळीसच्या चाळीस उलटे लावले मी. शेंडा खाली, मुळं वर. मला माहीत कुठे होतं! पुढच्या वर्षी नर्सरीवाल्याला कोणाला तरी सांगताना ऐकलं, तेव्हा कळलं की आपण काय केलं होतं. आणि माझे तर सगळे सरळ उगवले होते. सगळे फुलले होते. मग मी आठवून बघितलं, त्या दिवशी माझ्या डावीकडे कोण होतं.’’

ती विसरली होती. खरंच विसरली होती... आता आठवलं: अंधारून आलेली दुपार, सगळे चहाला गेलेले, आणि ती एकटी एकेक कंद उकरून उलटा करत बसलेली, मनातून चिडलेली, ह्या माणसाला काही म्हणता काही येत नाही म्हणून. आणि मग त्याची पाठ दिसली होती, टाकीच्या कट्ट्यावर, चहाचा पेला हातात तसाच. तेव्हा ती चिडायची थांबली होती. दया होती का ती? छे. दया नव्हती. काम होतं. कंद उलटे होते, सरळ करायला हवे होते, एवढंच.

‘‘तुम्ही तेव्हा बोलला असतात,’’ भाऊ म्हणाले, ‘‘तर मी परत आलो नसतो.’’

राग पुरता गेला नव्हता. असा लगेच जात नाही तो; पायात सुई टोचावी तसा मधूनच टोचत होता. पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी भरून येत होतं. तिने घमेलं खाली ठेवलं. वरचं गवत बाजूला केलं. भाऊंनी आत बघितलं.

त्यांनी आपली गादी थोडी बाजूला सरकवली. तेवढी जागा झाली.

ती गुडघ्यांवर बसली. मग दोन्ही मोजे काढले आणि नळाच्या कट्ट्यावर ठेवून दिले.

‘‘खाज सुटेल, ताई. गाजरगवत आहे मधून मधून.’’

‘‘सुटू दे. मोजा असला की मला कळत नाही.’’ आणि जरा थांबून, मातीकडे बघत, ‘‘मला मधलं दिसत नाही, भाऊ. डोळ्यांचं काही खरं नाही.’’

एवढं एकच वाक्य, पण महिनाभर दातांमागे धरून बसली होती ती. बाहेर पडलं आणि काहीच झालं नाही. एक्स-रेच्या दारातून कोणाचं तरी नाव पुकारलं गेलं. भाऊ म्हणाले, ‘‘हं,’’ आणि ट्रे दोघांच्या मध्ये ठेवला.

बोटं मातीत घातली तर माती गार होती. एक रोप बसवलं, दुसरं बसवलं. मग कडेला बोटाला काहीतरी लागलं, अगदी नुकतं वर आलेलं, दोनच पानांचं. तिने ते उपटलं नाही. बाजूला बघून बघितलं, वाकून हुंगलं. वास नव्हता. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा, एकतीस वर्षं छापखान्यात आणि अकरा वर्षं मातीत धरून पहिल्यांदाच, तिने दुसऱ्याला विचारलं, ‘‘हे काय आहे हो? झेंडू की गवत?’’

भाऊ वाकले. नाक मातीला टेकेपर्यंत वाकले. ‘‘गवत,’’ म्हणाले. मग, ‘‘थांबा हं. झेंडू असेल. नाही बुवा, सांगता येत नाही. अहो टेलरबाई, जरा इकडे या!’’

टेलरबाई आल्या, गळ्यातला चष्मा नाकावर चढवला, तिघांची डोकी एकमेकांना लागली. ‘‘हे एवढंसं असताना कोणाला कळणार!’’ त्या फणकाऱ्याने म्हणाल्या. ‘‘असू दे तिथंच. पुढच्या रविवारी बघू.’’

कोणालाच दिसत नव्हतं. तिने मान वर केली नाही. मधे गुरुवार होता, तिसरा मजला होता, तो बुडालेल्या रेघांचा कागद होता, बरोबर कोणाला तरी न्यायचं होतं. आणि मुलीला फोन करून काय सांगायचं ते अजून जुळत नव्हतं. पण हे रोप कशाचं निघतंय ते तिला बघायचं होतं. आंधळी झाली तरी हुंगून बघायचं होतं. रविवारला अजून सात दिवस होते आणि तिला वाटलं, फारच आहेत.