पूर्वेची नदी

"मिस्त्री, नदी उलटी चालली की हो!"

भूगोलाच्या बाई हातातली झारी तशीच धरून ओरडल्या. शाळेच्या अंगणात आम्ही मुलांसाठी सिमेंटचा उठावाचा नकाशा, म्हणजे अख्खा देशच बांधला होता, चांगला वर्गाच्या खोलीएवढा. मिस्त्री म्हणजे माझे यजमान. ते घडवायचे, मी माल कालवून घमेली पुरवायची. बाईंनी उत्तरेच्या डोंगरावर पाणी ओतलं. एक नदी पश्चिमेला वाळवंटात गेली, ते बरोबरच होतं. दुसरी पूर्वेला समुद्राकडे जायची, तर ती अर्ध्यात थबकली, माघारी वळली आणि पहिलीच्या मागोमाग वाळवंटातल्या, पाणी निघून जायच्या जाळीत शिरली.

"पाणी जाळीकडंच जायचं, बाई," मिस्त्री ऐटीत म्हणाले. "जन्मभर उतार देत आलोय. कुणाच्या घरात थेंब तुंबला नाही."

"अहो, हा देश आहे. न्हाणीघर नव्हे!"

व्हरांड्यात मास्तरमंडळी खो खो हसली. मुख्याध्यापक मात्र हसले नाहीत. "सुट्टी संपेपर्यंत नदी समुद्राला लागली तर ठीक. नाहीतर फोडून सरळ फरशी घालू."

मिस्त्रींचा चेहरा पडला. त्यांचे गुडघे कामातून गेले होते. एवढं काम झालं की थापी खाली ठेवायची, असं आमचं ठरलं होतं. शेवटच्याच कामावर घण पडला असता तर हा माणूस घरात तोंड मिटून बसला असता.

"बाई, मला नकाशाचा कागद दिलात, पण देश सांगितलाच नाहीत," ते म्हणाले.

बाईंनी चपला काढल्या आणि आत पाऊल टाकलं. "ढग या समुद्रातून उठतात. वाऱ्यानं इथवर येतात आणि डोंगराला अडतात. सगळा पाऊस अलीकडेच. पलीकडे नुसती थंडी आणि धूळ."

"आमच्या घरासारखंच," मी म्हटलं. "छप्पर गळतं ते माझ्याच अंथरुणावर."

बाई हसल्या. खडूनं वर्तुळं करत चालल्या. "नदी वळते तिथं हे शहर. दोन ओढे मिळतात तिथं राजधानी. मुखाशी बंदर. आगगाडीला डोंगर चढवत नाही, म्हणून ती नदीच्या काठानं जाते. पलीकडच्या गावांना जायला एकच घाट, तोही हिवाळ्यात बर्फानं बंद."

मिस्त्री उकिडवे बसून बघत राहिले. विटा रचणाऱ्या माणसाला मी असं कशाकडे बघताना पाहिलं नव्हतं.

"म्हणजे नदी फिरली की बंदर मेलं," ते हळूच म्हणाले. "गाडी कुणाला आणायला जाईल मग? अगं, मी केवढी माणसं उठवली बघ."

त्यांनी छिन्नी घेतली आणि पूर्वेचा अर्धा देश खरवडून काढला. पाण्याच्या नळीनं पातळी धरली. डोंगराच्या पायथ्यापासून नवा माल ओढत, पाठमोरे सरकत, आपलाच एकेक पाऊलठसा थापीनं पुसत ते समुद्रातून बाहेर पडले. सुट्टीचे उरलेले दिवस मी ओली पोती घालून तो भाग भिजवत राहिले. ते रोज येऊन काठावर बसायचे. जेवण जात नव्हतं.

शाळा उघडायच्या आदल्या सकाळी बाईंनी पुन्हा झारी उचलली. मुख्याध्यापकही आले. पाणी डोंगरावरून उतरलं. वळणावरच्या शहराशी जरा फुगलं. मग त्यानं वळण घेतलं, राजधानीखालून गेलं, बंदराशी पसरलं आणि निळ्या रंगाच्या समुद्रात पडलं. आवाज एवढासाच झाला, पण सगळ्यांनी ऐकला.

"राहू दे हे," मुख्याध्यापक म्हणाले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले.

मिस्त्रींची हत्यारांची पिशवी पलीकडे, डोंगरामागच्या भिंतीशी राहिली होती.

"मधून जा ना," मी म्हटलं. "चार पावलं आहेत. तुमच्या गुडघ्यांना कशाला त्रास?"

"नको," ते म्हणाले. "खाली वस्ती आहे."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते निघाले. समुद्राच्या कडेनं, डोंगराला वळसा घालून, थांबत थांबत, आम्ही दोघं देशाच्या बाहेरून चालत गेलो.