नऊ मीटरवरचं गांडूळ

नऊ मीटर खोलीवरून काढलेल्या मातीच्या पिशवीतून गांडूळ निघालं, आणि तेही जिवंत! प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या ट्रेमध्ये ते ऐटीत वळवळत होतं. माती तपासणाऱ्या इंजिनीअरबाईने चिमटा खाली ठेवला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "श्शी!"

किळस गांडुळाची नव्हती. त्या बिचाऱ्याचा काय दोष? ते राहतं वरच्या वीतभर मातीत. नऊ मीटर खाली, पाण्यात जाऊन बसायला ते काय पाणबुडी आहे? किळस आली ती पिशवीवरच्या टपोऱ्या अक्षराची. ते तिच्या सख्ख्या भावाचं होतं.

इमारत बांधण्याआधी दादा बोअर मारून खालची माती काढायचा, बहीण ती तपासायची. वडील गेल्यावर त्यानेच तिला शिकवलं. हातोडाही त्यानेच दाखवला होता: साडेत्रेसष्ट किलोचा, पाऊण मीटरवरून सोडायचा, आणि नळी तीस सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं; जितके जास्त, तितकी माती घट्ट. "ठोके खोटं बोलत नाहीत, ठमे!" आई, दादा आणि ती ज्या इमारतीत राहत, तिथला बोअरही त्याचाच. "माती माझी तपासलेली आहे, खुशाल झोप," असं तो आईला छाती फुगवून सांगायचा.

या पिशवीबरोबर आलेल्या कागदावर ठोके होते चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. दोनचा पाढा म्हटल्यासारखे! त्यांच्या भरवशावर चार मजली शाळा उभी राहणार होती, आणि अहवालाखाली सही तिची.

ती ट्रेसकट साइटवर गेली. दादा सावलीत खुर्ची टाकून बसला होता. बूट कोरडे ठणठणीत.

"हे काय आहे?"

"गांडूळ. शेतकऱ्याचा मित्र," दादा हसला.

"नऊ मीटरवर?"

हसू मावळलं. "अगं, खाली पाणी लागलं. भोक सारखं ढासळत होतं, दोन दिवस गेले असते. वीस वर्षं याच पट्ट्यात बोअर मारतोय मी. माती वासावरून कळते मला."

"म्हणून खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकल्यास? आणि पिशव्या भरल्यास कुठून, त्या कडेला खणलेल्या उथळ चरातून?"

"खाल्ल्या घरचे वासे मोजतेस होय गं?"

"मोजते. पण आधी तू ठोके मोज. माझ्यासमोर."

दादा धुसफुसत उठला. भोक ढासळू नये म्हणून लोखंडी पाइप उतरवत उतरवत दुसऱ्या दिवशी दुपारी एकदाचे नऊ मीटर गाठले. मजुरांनी हातोडा नळीवर नुसता टेकवला, आणि नळी आपली आपण सरसर खाली गेली. ठोका एकही नाही. कागदावर सव्वीस!

नळी उघडली तर आत करडी, पाणी गळणारी वाळू. अशी वाळू भूकंपात हादरली की कणाला कण धरत नाही, सगळी पातळ होते. मग वरचे खांब कितीही जाड असोत, इमारत रुतते नाहीतर कलंडते. हे दादाला सांगायची गरज नव्हती. त्यानेच तिला पहिल्यांदा सांगितलं होतं.

तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना. ढासळणारं भोक, पाणी, हाच पट्टा... घरही याच पट्ट्यात होतं.

"दादा, आपल्या बिल्डिंगचे ठोके?"

दादा बुटाला लागलेली वाळू दुसऱ्या बुटाने खरवडत राहिला.

"बोल ना!"

"तिथंही पाणी लागलं होतं," तो म्हणाला.

तिने अहवालाचा कागद फाडला. आई आत्ता तळमजल्यावरच्या खिडकीत निवांत बसलेली असेल.

"मशीन गाडीवर चढव."

"कुठं न्यायचंय?"

"घरी. आईला फोन लाव आणि सांग, दारात बोअर मारायचाय. कशासाठी, तेही तूच सांग."