रद्दीला दिलेला दाखल क्रमांक

आमच्या ग्रंथपाल संघाचा अध्यक्ष माझा सख्खा भाऊ आहे, आणि तरीही मी हे सांगणार आहे. संघाची जुनी कागदपत्रं माझ्या ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत, कपाटांत होती. पन्नाशीचा सोहळा जवळ आला तेव्हा दादाला तिथे फोटोंचं प्रदर्शन मांडायची हुक्की आली. सभेत ठराव झाला: हारतुऱ्यांचे फोटो ठेवायचे, बाकीचं रद्दीत घालायचं. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळलेली माणसं स्वतःच्याच कागदांच्या जिवावर उठली होती. मी विरोध केला. सगळे गालातल्या गालात हसले, कारण माझा जीव कशात अडकलाय हे त्यांना ठाऊक होतं.

त्या कपाटांत आईची फाईल होती. आईही ग्रंथपाल. एका वाचकाने कोणकोणती पुस्तकं नेली हे विचारायला पोलीस आले, तेव्हा तिने त्यांना चहा पाजला आणि एवढंच म्हणाली, "कोणी काय वाचलं, हे ग्रंथपाल सांगत नाही." तिची नोकरी गेली. तिच्या पाठीशी उभं राहायचं की नाही यावर संघात दिवसभर भांडण झालं आणि शेवटी संघाने शेपूट घातलं. कोण काय बोललं, ते सगळं त्या फाईलमधल्या इतिवृत्तात आहे. तिच्याविरुद्ध सर्वांत तावातावाने बोललेले गृहस्थ आता सोहळ्याचे प्रमुख पाहुणे होते. त्यांना दुखवायची दादाची छाती नव्हती. आई गेली तेव्हा रडून रडून डोळे सुजवून घेतलेला हाच माझा भाऊ. मला त्याचा फार राग आला. अजूनही आहे.

मी ठरावाची प्रत मागून घेतली. संघाने टाकून दिलेलं देणगी म्हणून स्वीकारायचा ग्रंथपालाला अधिकार असतो. मग रोज दुपारी, वाचक पेंगायला लागले की, एकेक फाईल खाली आणली, ग्रंथालयाच्या नोंदवहीत चढवून तिला दाखल क्रमांक दिला, शिक्का मारला आणि संदर्भ विभागात लावली. एकदा दाखल झालेली वस्तू बाद करायची तर अर्ज, समिती, तपासणी, जाहीर सूचना असं लचांड मागे लागतं. हे नियम दादानेच लिहिलेत. ग्रंथपालनाच्या वर्गात विद्यार्थ्यांकडून घोकूनही घेतो.

रद्दीवाल्याला घेऊन तो आला तेव्हा वरची कपाटं रिकामी होती. मी त्याला खाली नेऊन फळी दाखवली. शिक्के बघून त्याचा चेहरा उतरला.

"माझं नाक कापलंस तू," तो म्हणाला.

"नाक तुझं एकट्याचं. आई दोघांची होती."

रद्दीवाला बिचारा ताटकळला आणि शेवटी जुनी वर्तमानपत्रं बांधून घेऊन गेला. दादा मात्र गेला नाही. त्याने आईची फाईल काढली आणि उभ्याउभ्याच चाळायला लागला. फाईल वाचायला दिली की आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर मी तारीख टाकते, नाव नाही. चिठ्ठीवर बऱ्याच तारखा पडलेल्या पाहून तो दचकला.

"हे कोण कोण वाचून गेलंय?" त्याने आवाज खाली आणला. "पाहुण्यांपर्यंत तर नाही ना पोचलं?"

मी त्याला खुर्ची दिली. त्याच्यापुढे चहा ठेवला.

"कोणी काय वाचलं, हे ग्रंथपाल सांगत नाही," मी म्हणाले, आणि चिठ्ठीवर आजची तारीख टाकली.