गिअरच्या दांडीची काळी चिंधी

मित्रांनो, रायपूरच्या बुढापाऱ्यात, तलावामागच्या गल्लीत, निंबाखाली मी उभी आहे. मी एक जुनी अँबेसेडर. एकेकाळी मी बगळ्यासारखी पांढरी होते. आता माझ्या टपावर निंबोळ्या वाळतात.

मला यशवंतरावांनी घरी आणलं. रेल्वेतला कडक माणूस, पण माझ्या बोनेटवर हात ठेवायचा तो लेकराच्या टाळूवर ठेवावा तसा. मुलगा श्यामकांत याला मागच्या सीटवर ऐटीत बसायला आवडे. मुलगी पूर्णिमा मात्र बापाशेजारी उकिडवी बसून माझं पोट पाहत राही. बाराखडीच्या आधी तिला माझे नटबोल्ट पाठ झाले.

यशवंतराव गेले आणि माझं इंजिनही थकलं. श्यामकांतनं नवी गाडी घेतली. त्याच सुमारास पूर्णिमाचा नवरा वारला आणि ती माहेरी परतली. माझ्या वाट्याला ताडपत्री आली, तिच्या वाट्याला चूल. येताजाता श्यामकांत म्हणायचा, "एक घरात, एक आंगणात. दोन्ही बिनकामाच्या." त्याची बायको लता पदराआड हसायची. हे हसू मी काचा बंद असूनही ऐकलं आहे.

एक दिवस त्यानं भंगारवाल्याला बोलावलं. पूर्णिमा माझ्यापुढे आडवी उभी राहिली.

"दादा, विश्वकर्मा पूजेपर्यंत थांब. मी हिले चालती करून दाखवतो."

"अन् नाही चालली तर?"

"तर ने."

"चालली तर गाडी तुही झाली," तो हसत म्हणाला. "पोट्टींले ड्रायव्हिंग शिकवजो. आमच्या जिवाले लागून राहिली ते तरी सुटन."

हसत दिला असला तरी शब्द भंगारवाल्यासमोर दिला होता. पूर्णिमानं तो पदराला बांधला.

पलीकडच्या गल्लीतला मिस्त्री लोकेश मदतीला आला. दोघांनी माझं इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर काढून उघडले, धुतले, झिजलेलं बदललं. बसवायची वेळ आली तेव्हा लोकेश म्हणाला, "दीदी, पहले इंजन बिठा देते हैं. गिअरबॉक्स बाद में."

"नाही भैया. खालीच जोडू. दोघं संगच जातीन. अंदर जोडाले गेलो अन् वजन लटकलं, तर क्लचप्लेट वाकते."

"हव. बाबूजी भी यही बोलते थे."

मग निंबाच्या जाड फांदीला साखळीची कप्पी लागली. माझी जाळी, माझा रेडिएटर बाजूला ठेवला होता. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना धरून वर उचलले गेले, जत्रेत हात न सोडणाऱ्या दोन बहिणींसारखे. शेपूट खाली, डोकं वर, असे तिरपे होऊन ते माझ्या रिकाम्या छातीत उतरू लागले. लोकेश साखळी सोडी, पूर्णिमा हातानं वाट दाखवी. कुठंही ओरखडा नाही. काम करता करता ती गुणगुणत होती:

काळजाले पायासंगं घट्ट मारली गं गाठ,
सई माझी उठून चालन, धरन तेलीबांध्याची वाट.

मित्रांनो, आता एक गोष्ट नीट ऐका. अशी तिरपी जोडी उतरवताना गिअरबॉक्समध्ये तेल भरत नाहीत. भरलं तर शेपटीकडून सांडतं. ते नंतर भरायचं. विसर पडू नये म्हणून यशवंतराव गिअरच्या दांडीला काळी चिंधी बांधायचे. चिंधी आहे तोवर गाडी हलवायची नाही. पूर्णिमानंही बांधली. सगळं जोडून होईतो दिवस मावळला, तेलाचं दुकान बंद झालं. दुसऱ्या दिवशी विश्वकर्मा पूजा, यंत्रं पुजायचा दिवस. सकाळीच लोकेश तेल आणायला शंकर नगरकडे गेला.

इकडे आरतीचं ताट आलं. पूर्णिमा नारळ घेऊन पुढे झाली, तशी लता म्हणाली, "तुम्ही नका येऊ इकडे. नव्या कामाले सवाशीण लागते."

पूर्णिमाच्या बोटांना अजून माझं काळं लागलेलं होतं. तिनं नारळ खाली ठेवला.

"दादा, एक सांगू दे. चालू करजो खुशाल, पण अजून गिअर..."

"आज तोंड उघडू नको," श्यामकांत म्हणाला. "मागच्या खोलीत बस. पूजा झाली की बोलावतो."

लतानं मला कुंकू लावलं. मग तिची नजर दांडीकडे गेली. "हे काळं काय बांधलं पूजेच्या गाडीले?" तिनं चिंधी सोडून नालीत फेकली आणि तिथं झेंडूची माळ घातली.

श्यामकांत बसला, शेजारी लता. मी एका हाकेत जागी झाले. त्याला हुरूप आला. शेजाऱ्यांसमोर त्यानं गिअर टाकला आणि मला गल्लीबाहेर काढलं. मागून पूर्णिमाच्या धावण्याचा आवाज आला, "दादा, थांब! तेल नाही!" पण काच वर होती.

तेलीबांध्याच्या तलावापुढे मोकळ्या रस्त्यावर तो वेग वाढवत गेला. माझ्या पोटात कोरडे दात कोरड्या दातांवर घासत होते. मी कण्हले, मग किंचाळले. "जुनी हाये, बोंबलते," तो लताला म्हणाला. शेवटी सगळं तापून एकमेकांत रुतलं, आणि मी रस्त्याच्या मधोमध थिजले.

मला दोरानं ओढत परत आणलं. तेलाचा डबा घेऊन लोकेश दारातच उभा होता. "भैया, वो चिंधी किसने खोली?"

"म्हणून म्हणत होतो," श्यामकांत शेजाऱ्यांना म्हणाला, "हिचा हात लागू देऊ नका."

लोक पांगल्यावर पूर्णिमा माझ्याखाली शिरली आणि तिनं डब्यातलं सगळं तेल माझ्या मेलेल्या गिअरबॉक्समध्ये ओतलं, जाणाऱ्याच्या तोंडात गंगाजळ घालावं तसं.

मित्रांनो, मला आता तेल नको, पूजाही नको. एवढंच करा: कुणी काही बांधून ठेवलं असेल, तर सोडण्याआधी त्याला विचारा. आणि ज्या हातांनी जोडलं, त्यांना नारळ फोडताना मागच्या खोलीत बसवू नका.

गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याचा ट्रक आला आहे. त्याच्यासाठी चहा टाकायला पूर्णिमाला आतून हाक मारली आहे.