उलट्या अंगाच्या गाठी

शेडमध्ये जिचा शब्द चाले त्या म्हाताऱ्या थोरलीने मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला, आणि रांगेने जाळं विणत बसलेल्या अकरा बायकांचे हात एकदम थांबले. मामीचेही थांबले, पण तिने मान वर केली नाही.

तिच्या भाचीने सकाळपासून खपून विणलेला तो हातभर तुकडा होता, मोठ्या जाळ्याच्या कडेलाच जोडून घेतलेला. रांगेतली एक जागा रिकामी झाली होती. ती मिळाली तर पोरगी इथे राहणार होती. नाही मिळाली तर शनिवारच्या लाँचने चुलत्याकडे, जिथे तिला कुणी बोलावलं नव्हतं. मामा एवढं सांगून मोकळा झाला होता. मोकळं होणं त्याला छान जमे.

"हात तर चांगला आहे की," बडबडी म्हणाली. हिला गप्प करणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. "वर्षभर आपल्या सुयांत दोरा भरून दिला पोरीने, तोंडातून ब्र नाही. मला अशी सून हवी होती. मिळाली कोण, तर थेट माझ्यासारखी!"

बायका हसल्या. मुलगीही हसली, जराशी मागाहून. विनोद कळल्यावर नव्हे, सगळ्या हसल्या की हसायचं, एवढं ती इथे शिकली होती.

थोरली हसली नाही. तिचा अंगठा एकेका गाठीवरून सरकत होता. मग तो थांबला.

"कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही, आजी. बघून बघून."

"कुठून बघून?"

मुलीने दाराशी, आपल्या बसल्या जागेकडेच बोट केलं. उंबऱ्यालगत, रांगेच्या बरोबर समोर, दोऱ्याच्या रिळांची पेटी होती. वर्षभर ती त्या पेटीवर बसली होती. बाहेरून आलेल्याने रांगेत बसायचं नाही, हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे मोडायचा तर कुणाला विचारून, हेही ठाऊक नव्हतं.

"तरीच," थोरली म्हणाली. "समोरून बघितलं हिने. आपला उजवा हात तो हिचा डावा. सगळ्या गाठी उलट्या अंगाच्या आल्यात."

बडबडीने मान वाकवून तुकडा पाहिला.

मामीच्या हातातली सुई दोऱ्यातच अडकून राहिली. मुलगी नवी होती तेव्हा एकदा तिने विचारलं होतं, मामी, तुमच्या बाजूला बसून बघू का? मामीने आधी रांगेकडे पाहिलं होतं, मग तिच्याकडे. बस गं तिथेच, दिसतंय ना तिथून? दिसत होतं.

"मी बसवते बाजूला," मामी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "चार दिवसांत वळेल हात."

"चार दिवस आहेत कुठे? परवा जाळं पाण्यात जायचंय. आणि वर्षाचं वळण चार दिवसांत जातं होय?" थोरली रागावलेली नव्हती. रागावली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. "पोरीचं काही चुकलं नाही. पण अर्धं जाळं या अंगाचं नि अर्धं त्या, तर पाण्यात पीळ बसतो. जागेचं मी दुसरीला सांगते. तू या गाठी तेवढ्या सोड. तुझ्या घरची आहे ती."

मामीने नखं लावली. मग दात लावले. गाठ हलेना. बडबडीने हात पुढे केला, ओढून पाहिलं आणि बोटं चोळत बसली.

"अगं बाई, लग्नाची गाठ तरी सुटेल एखादी," ती म्हणाली. कुणी हसलं नाही.

थोरलीने स्वतः एक गाठ चिमटीत धरली. बराच वेळ धरली.

"पक्की आहे," ती हळूच म्हणाली. "आपल्यापेक्षा पक्की." आणि तिने कमरेची सुरी काढून मामीच्या हातात दिली.

मामीने पातं टेकवलं. जाळं सैल पडलं होतं, पातं निसटून अंगठ्यापाशी आलं. तिने पुन्हा टेकवलं, पुन्हा निसटलं. डोळ्यांपुढचं नीट दिसतही नव्हतं.

मुलगी पेटीवरून उठली. खाली बसून तिने तुकड्याच्या दोन्ही कडा मुठीत घेतल्या आणि गाठी वर येतील असं जाळं ताणून धरलं.

"आता कापा, मामी," ती म्हणाली. "नाहीतर हाताला लागेल तुमच्या."